भिंतीवरचा तक्ता आणि ताटातली भाकरी

शाळेच्या भिंतीवर चौरस आहाराचा तक्ता बहुधा असतोच. दुधाचा पेला, सफरचंद, केळी, अंडे, गाजर, पावाचे तुकडे अशी चित्रे त्यावर असतात. मुले तो पाहतात, जीवनसत्त्वांची नावे पाठ करतात आणि ‘अ जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो’ असे चाचणीत बिनचूक लिहितात. मधल्या सुटीत त्यातलीच काही मुले फाटकाबाहेरच्या दुकानातून पाच रुपयांचे पाकीट आणतात. मग शिक्षक म्हणतात, “एवढे शिकवूनही मुले ऐकत नाहीत.”

चूक मुलांच्या ऐकण्यात आहे की आपल्या सांगण्यात, हे तपासून पाहण्यासारखे आहे. आहाराचा सल्ला आपण मुलाला देतो. पण त्याच्या ताटात काय पडायचे याचा निर्णय शेतात, रेशन दुकानात, बाजारात आणि शासनाच्या परिपत्रकात होत असतो. या निर्णयांबद्दल आपला आहाराचा पाठ काही बोलतो का? उदाहरणादाखल बुलडाणा जिल्हा घेऊ. घाटावरचे चिखली-मेहकर आणि घाटाखालचे शेगाव-संग्रामपूर यांची जमीन, पाणी आणि पिके वेगळी. तरी तक्ता दोन्हीकडे एकच!

तक्ता काय सांगतो?

प्रथम तक्त्यामागचे शास्त्र पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत एकूण १७ सूत्रे आहेत आणि दिवसभराच्या ताटाचा एक नमुना आहे. दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या व्यक्तीने साधारणपणे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम तेलबिया व कवचफळे आणि २७ ग्रॅम तेल-तूप घ्यावे, असे हा नमुना सांगतो. धान्यातून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या ४५ टक्क्यांच्या आसपास असावेत, अशी त्यामागची कल्पना आहे. आपल्या प्रत्यक्ष जेवणात हा वाटा याहून बराच मोठा असतो. ‘पोट भरले म्हणजे पोषण झाले’ या समजाला हे ताट योग्य उत्तर देते. शास्त्र म्हणून त्यात वावगे काही नाही.

आता हेच ताट पाच माणसांच्या घरी मांडून पाहू. रोज २ किलो भाजी, दीड लिटर दूध आणि ४२५ ग्रॅम डाळ लागेल. भाजी ४० रुपये किलो, दूध ५० रुपये लिटर आणि डाळ १२० रुपये किलो धरली, तर या तीन वस्तूंचाच खर्च ८०, ७५ आणि ५१ म्हणजे २०६ रुपये होतो. धान्य, तेल, फळे अजून यायचीच आहेत. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर २०२५-२६ या वर्षी दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे जेवढे दिवस काम मिळेल तेवढ्या दिवसांच्या मजुरीतले दोन तृतीयांश या तीन वस्तूंवरच संपतात. आणि काम रोज मिळत नाही.

याचा अर्थ मार्गदर्शक तत्त्वे फेकून द्यावीत असा नाही. ती ध्येय म्हणून ठेवावीत. परंतु शिक्षकाने ती वर्गात ‘असे खाल्ले पाहिजे’ एवढ्याच शब्दांत सांगितली, तर मजुराच्या मुलाला आपले घर नापास झाल्यासारखे वाटते. आपली आई आपल्याला चुकीचे वाढते, हा निष्कर्ष त्या मुलाने विज्ञानाच्या तासाला काढावा, हे विज्ञानालाही शोभत नाही.

खिचडीचा हिशेब

मुलाच्या आहारातील एक जेवण मात्र पूर्णपणे सार्वजनिक आहे. ते म्हणजे शाळेतले जेवण. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशभर सुरू झालेली ही योजना पुष्कळ वर्षे कोरड्या तांदळाच्या वाटपापुरती राहिली. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. २०२१ पासून तिचे नाव ‘पीएम पोषण’ आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तिचे प्रमाण आहे. त्यासाठी लहान मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल ठरवलेले आहे.

हा हिशेब सहावीच्या मुलांनाही करता येतो. १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ३४५ उष्मांक व ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. २० ग्रॅम तूरडाळीतून सुमारे ६७ उष्मांक व साडेचार ग्रॅम प्रथिने, तर ५ ग्रॅम तेलातून ४५ उष्मांक मिळतात. भाजी थोडी भर घालते. बेरीज ४७० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने इतकी येते. म्हणजे ठरलेले प्रमाण कसेबसे पूर्ण होते. डाळ किंवा भाजी हातची राखली, की ते तुटते. आता तांदळाऐवजी ज्वारी धरा. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे बेरीज १५ ग्रॅमच्या वर जाते. सडलेल्या तांदळाच्या मानाने ज्वारीत लोहही कितीतरी पटींनी जास्त असते. धान्यातले लोह शरीरात थोडेच शोषले जाते हे खरे. परंतु त्यावर लिंबू पिळले तर ते अधिक शोषले जाते आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. तेव्हा हा तपशील किरकोळ म्हणता येत नाही.

‘प्रथिने, प्रथिने’ असा घोष करतानाही सावध राहायला हवे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९७० च्या दशकात याच मुद्द्यावर जगभरच्या तज्ज्ञांशी वाद घातला. धान्य आणि डाळ असे आपले नेहमीचे जेवण पोटभर मिळाले, तर प्रथिनांची गरजही बहुतेक भागते. खरी उणीव पोटभर जेवणाची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. उष्मांक अपुरे असतील तर शरीर प्रथिने इंधन म्हणून जाळून टाकते. प्रथिनांच्या महागड्या डब्यांच्या जाहिराती पाहून हातउसने घेणाऱ्या पालकांना ही गोष्ट जरूर सांगावी.

शासनाच्या आहारपत्रिकेत गेल्या काही वर्षांत बदल झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा राज्याचा निधी थांबला आणि ते लोकसहभागातून द्यावे असे ठरले. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि धान्य-डाळीत नसलेले ब-१२ जीवनसत्त्व असते. ज्या गावात लोकसहभाग होऊ शकतो तेथील मुलांना बहुधा घरीही अंडे मिळते. ज्या गावात तो होऊ शकत नाही, तेथेच अंड्याची गरज अधिक असते. या निर्णयातली विसंगती एवढ्यावरून स्पष्ट व्हावी.

मग शाळेत भाकरी का नाही? दीडशे मुलांच्या भाकरी थापणे म्हणजे काय, हे चुलीपाशी बसणाऱ्या बाईलाच ठाऊक. खिचडी एका पातेल्यात होते. स्वयंपाकी-मदतनीसांचे मानधन २०२३ मध्ये वाढून महिना २५०० रुपये झाले. तेवढ्या मोबदल्यात त्यांच्याकडून आणखी श्रमांची अपेक्षा करणे न्यायाचे नाही. परंतु ज्वारी म्हणजे केवळ भाकरी नव्हे. कण्या, ज्वारीच्या रव्याचा उपमा, डाळ घालून केलेली भरड्याची खिचडी हे सगळे एका पातेल्यात होते. आहारपत्रिका तयार करणाऱ्यांनी या पदार्थांकडे पाहायला हवे.

ज्वारी गेली कोठे?

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. शाळांत फलक लागले, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. पण शेतातून ज्वारी का गेली, हा प्रश्न या उत्सवात फारसा कोणी विचारला नाही. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला आणि उत्पादन वाढले. परंतु खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली, की दाणा काळा पडतो आणि भाव पडतो. पाखरे आणि रानडुकरे यांचा त्रास वेगळाच. सोयाबीन चार महिन्यांत निघते, रोख पैसे देते आणि रब्बीत हरभऱ्यासाठी रान मोकळे करते. शेतकऱ्याने सोयाबीन निवडले ते अज्ञानापोटी नव्हे, तर हिशेब करून.

त्या हिशेबात ताटाची बाजू मात्र धरलेली नव्हती. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातले जनावर कमी झाले आणि घरचे दूध आटले. ज्वारीच्या ओळींमधली तूर, मूग, उडीद यांची मिसळ कमी झाली. अंबाडी, तरोटा, चिवळ, घोळ या फुकटच्या पावसाळी भाज्या तणनाशकाच्या फवाऱ्यात सापडल्या. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, पण ते सारे गिरणीत जाते. तेल बाजारात येते आणि ढेप कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. शाळेच्या कुंपणाला लागून प्रथिनांचे शेत उभे असते आणि आत मूल तांदळाची खिचडी खात असते.

येथे ज्वारीचा गौरव करतानाही तारतम्य हवे. डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये दाखवून दिले, की दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा रोग आढळतो. उन्हात उघडी पडणारी त्वचा काळवंडून सोलवटते, जुलाब होतात, मन थाऱ्यावर राहत नाही. ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. सांगायचे तात्पर्य, नुसती भाकरी आणि ठेचा हा चौरस आहार नव्हे. भाकरीबरोबर पिठले, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि ताक आले, की ज्वारीतल्या उणिवा पुष्कळ भरून निघतात. गजानन महाराजांच्या नैवेद्यातले पिठले, भाकरी आणि अंबाडीची भाजी हे पोषणशास्त्राच्या दृष्टीनेही नीट जुळलेले जेवण आहे.

दुरून आलेला गहू

अन्न कोठून येते हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे शेगाव तालुक्याने अलीकडेच अनुभवले. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड व परिसरातील गावांमध्ये लहानथोरांचे केस अचानक मुळापासून गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडत होते. पाण्यावर संशय गेला, साबण-शाम्पूवर गेला, संसर्गाच्या अफवा उठल्या, सोयरिकी अडल्या. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तेथे जाऊन तपास केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला निष्कर्ष जाहीर केला: रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आहे आणि त्याचे मूळ रेशनवर मिळालेल्या, पंजाबकडून आलेल्या गव्हात आहे.

सेलेनियम हे मूलद्रव्य शरीराला लागते, पण दिवसाकाठी केवळ काही दशक मायक्रोग्रॅम. प्रमाण फार वाढले की केस आणि नखे गळतात. पंजाबच्या काही भागांतल्या जमिनीत ते नैसर्गिकरीत्याच जास्त आहे, आणि गहू ते जमिनीतून उचलतो. डॉ. बावस्करांचा निष्कर्ष हा एका संशोधकाचा निष्कर्ष आहे आणि अशा निष्कर्षाची स्वतंत्र पडताळणी व्हायलाच हवी. विज्ञानाची रीतच ती. पण आपल्या दृष्टीने धडा स्पष्ट आहे. ज्या कुटुंबाची भाकरी स्वतःच्या आणि शेजारच्या शेतातून येत होती, त्याच्या ताटातल्या धान्याची जमीन आता हजारो किलोमीटर दूर असू शकते. अशा वेळी ‘पोळीतून कर्बोदके मिळतात’ एवढेच सांगणारा तक्ता अपुरा पडतो.

पाच रुपयांचे पाकीट

आता फाटकाबाहेरच्या दुकानाकडे येऊ. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या सभोवती ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. नियम चांगला आहे. पण दुकान गावातल्याच कोणाचे तरी असते आणि त्याच्या पोटाचाही प्रश्न असतो. शिवाय सकाळी सहाला वेचणी-निंदणीला जाणारी आई मुलाच्या हातावर पाच रुपये ठेवते, ते लाडासाठी कमी आणि न्याहारीच्या बदली जास्त. हे लक्षात न घेता ‘पालक बेजबाबदार आहेत’ असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही.

या बाबतीत मेक्सिकोचे उदाहरण बोलके आहे. मक्याची तोर्तिया आणि घेवडा हे तेथील जुने जेवण. आपल्या भाकरी-वरणासारखीच ही जोडी: धान्यात उणे असलेले लायसिन घेवडा पुरवतो. मका चुन्याच्या पाण्यात शिजवण्याची त्यांची जुनी रीत पेलाग्रापासूनही रक्षण करते. त्याच देशात आणि तेथून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत गोड पेये आणि पाकीटबंद खाणे शिरले, तशी मुलांमध्ये स्थूलता आणि पुढे मधुमेह वाढला. केवळ उपदेशावर न थांबता मेक्सिकोने २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. पहिल्या वर्षी खरेदी सरासरी सुमारे ६ टक्क्यांनी घटली. मार्च २०२५ पासून शाळांमध्ये अशा पदार्थांच्या विक्रीला बंदी झाली. मुलाची इच्छाशक्ती वाढण्याची वाट न पाहता तेथे दुकान आणि किंमत यांना हात घातला गेला.

‘आमच्याकडे कुपोषण आहे, स्थूलता नाही’ असे समजून स्वस्थ बसणेही बरोबर नाही. युनिसेफच्या २०२५ च्या अहवालानुसार ५ ते १९ वर्षे वयोगटात जगभरात स्थूल मुलांचे प्रमाण (९.४ टक्के) कमी वजनाच्या मुलांच्या प्रमाणापेक्षा (९.२ टक्के) प्रथमच पुढे गेले. एकाच तालुक्यात, कधी एकाच वर्गात, दोन्ही टोके शेजारी बसू शकतात.

खेळाच्या तासाची मिनिटे

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ‘आमच्याकडे खेळाचा तास आहे’ हे त्यावर पुरेसे उत्तर आहे का? खो-खो घेऊ. मैदानात पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण बसलेले असतात, एक जण धावतो आणि समोरचे तीन जण पळतात. म्हणजे एका क्षणी चौघेच धावत असतात. ४० मिनिटांच्या तासात धावण्याची एकूण १६० मिनिटे होतात. वर्गात ४० मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटे येतात! त्यात चपळ मुलांचा वाटा मोठा असतो, आणि लठ्ठ, अशक्त किंवा लाजऱ्या मुलांचा जवळजवळ शून्य. म्हणजे ज्यांना गरज अधिक, तीच बसून राहतात.

दोष खो-खोचा नाही. तो कमी जागेत, साधनांवाचून खेळता येणारा उत्तम खेळ आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून वऱ्हाडात व्यायामाची मोठी परंपरा उभी केली, ती अशाच देशी खेळांच्या बळावर. दोष एकच डाव मांडण्यात आहे. तीन लहान डाव एकाच वेळी मांडले, तर मिनिटे तिप्पट होतात.

दुसरी बाजूही आहे. सुटीत कापूस वेचणाऱ्या, दुरून पाणी आणणाऱ्या मुलीला ‘भरपूर व्यायाम करा’ असे सांगणे ही थट्टा ठरते. तिची हालचाल भरपूर होते. तिला हवे असते ते पुरेसे जेवण, विश्रांती आणि खेळण्याचा हक्क. खामगावात गाडीने शाळेत जाणाऱ्या मुलाची गरज नेमकी उलट आहे. दोघांना एकच वाक्य सांगणारा पाठ दोघांनाही उपयोगी पडत नाही.

वर्गात काय करता येईल?

तक्ता काढून टाकायची गरज नाही. त्याच्या शेजारी मुलांनी केलेला दुसरा तक्ता लावावा. त्यासाठी काही सोपे प्रकल्प करता येतील.

एक: आदल्या दिवशी खाल्लेला प्रत्येक पदार्थ कोठून आला, याची नोंद मुलांनी करावी: स्वतःचे शेत, गाव, आठवडी बाजार, रेशन की दुकान. कागदावर नाव लिहू नये. कोणाच्या घरची गरिबी वर्गात उघडी पडता कामा नये.

दोन: रिकाम्या पाकिटावरचे वजन वाचून किलोचा भाव काढावा. पाच रुपयांत १५ ग्रॅम मिळत असतील, तर भाव किलोला ३३३ रुपये पडतो. गावातल्या फुटाण्यांचा आणि शेंगदाण्यांचा भाव त्याशेजारी लिहावा.

तीन: शाळेच्या खिचडीचा वर दिल्याप्रमाणे हिशेब करावा, तांदूळ, ज्वारी आणि डाळ यांची प्रमाणे बदलून पाहावीत.

चार: आजीला विचारून पावसाळी भाज्यांची यादी करावी: कोणती, कोणत्या महिन्यात, कोठे मिळते. नीट ओळख पटल्याशिवाय कोणतेही रानातले पान तोंडात घालू नये. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे असल्याने परसबाग बारमाही होत नाही. तेथे पावसाळ्यापुरतीच लागवड का करावी लागते, हाही विज्ञानाचाच धडा आहे.

पाच: घड्याळ लावून खेळाच्या तासात प्रत्येक मुलगा-मुलगी किती मिनिटे धावली, ते मोजावे.

ही माहिती वहीत पडून राहू नये. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक अनुदानित आणि शासकीय शाळेत व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात पालक बहुसंख्य आहेत. मुलांनी काढलेले आकडे मुलांनीच या समितीपुढे मांडावेत. दुकानदारालाही बोलवावे आणि पाकिटांच्या जागी फुटाणे, शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या ठेवून त्याचा धंदा चालेल का, हे त्याच्याबरोबर बसून पाहावे. बचत गटाच्या महिलांना लाह्यांचे काम देता आले तर उत्तमच. काही ठिकाणी हे जमेल, काही ठिकाणी जमणार नाही. परंतु आपल्या ताटाचा निर्णय कोण घेते आणि त्यात कोठे बदल करता येतो, हे ज्या मुलाला एकदा कळले, त्याचे आहाराचे ज्ञान चाचणीनंतरही टिकेल.